भागूमावशीनं न उचललेलं झाकण

माझ्या पिठल्यावरचं झाकण भागूमावशीनं उचललं, तेव्हा आमची ओळख होऊन अर्धा तासही झाला नव्हता. लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसात माझी नुकतीच बदली झाली होती आणि तिच्या घरामागची खोली मी भाड्यानं मागितली होती. ती म्हणाली, "आधी आजचा दिस ऱ्हावा, मग बघू." मला वाटलं, बाई विचार करणार असेल. मी ट्रंक कोपऱ्यात लावली, चूल पेटवली आणि पिठलं टाकलं. तेवढ्यात ही उंच, काटक बाई न विचारता आत आली, पदर कमरेला खोचला, झाकण उचललं आणि वाफेत डोकं घालून बघत राहिली.

"गुठळ्या झाल्यात," ती म्हणाली. "पर एकट्यापुरतंच केलंय. ऱ्हावा, बाबू."

मला राग आला होता, हे कबूल करतो. मी रेल्वेचा कारकून, कोटाला पितळी बटणं असलेला माणूस, आणि ही माझ्या पिठल्यावरून माझी लायकी ठरवते! पुढं कळलं की माझ्यावर काही विशेष अन्याय झाला नव्हता. अख्ख्या बाजारपेठेची लायकी तिनं अशीच ठरवली होती.

मावशीचा नवरा गवताचा व्यापारी. मावळातल्या डोंगरांवरचं गवत दिवाळीनंतर कापायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना रेल्वेनं पाठवायचे. तो अकाली गेला, तेव्हा भाऊबंदांनी गृहीत धरलं की धंदा आता आपल्याकडे येणार. मावशीनं त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः गठ्ठे मोजायला उभी राहिली. पंधरा वर्षं तिनं तो धंदा चालवला. मग मोटारी वाढल्या, तबेले ओस पडत गेले आणि तिनं गवत सोडून गाठीचे पैसे व्याजानं द्यायला सुरुवात केली. तिला अक्षरओळख नव्हती. टांगेवाले, चिक्कीवाले, बंगल्यांचे माळी अशी तिची कुळं. व्याज माफक, पण पैसे देण्याआधी ती त्या माणसाच्या घरी जायची. कधी जाणार हे सांगायची नाही. ऐन स्वयंपाकाच्या वेळेला उगवायची आणि चुलीवरचं झाकण उचलायची.

"मानूस कोट घालतो," ती म्हणायची, "चूल कोट घालत न्हाई."

एकदा खंडाळ्याचा एक कंत्राटदार तिच्या ओट्यावर आला. अंगावर रेशमी कोट, छातीवर घड्याळाची साखळी. बंगल्याचं काम हातात होतं, पाचशे हवे होते. मावशी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन आली आणि नाही म्हणाली. मी कारण विचारलं.

"भांडंभर मटण शिजत व्हतं," ती म्हणाली. "आन् त्याचं गडी भाईर मजुरीसाठी बसल्यालं. मला द्यायच्या आधी तेंचं द्यायाला नगं व्हय?"

त्याच आठवड्यात डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक बाई शेळी घ्यायला पैसे मागायला आली होती. मावशी तो चढ चढून गेली. मडक्यात नाचणीची आंबील होती, पण निम्मी संध्याकाळसाठी बाजूला काढून झाकली होती आणि मडकं लख्ख घासलेलं होतं. तिथल्या तिथं मावशीनं कनवटीचे पैसे काढून दिले. मी म्हणालो, "मावशी, तारण काय?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की पुढं आठवडाभर मी तिला काही विचारलं नाही.

लोक तिला मागून झाकणवाली म्हणत. तिच्या कानावर जायचं आणि तिला ते आवडायचं. आजवर एकानंही बुडवलं नाही, हा तिचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. मला त्या अभिमानाची जरा धास्तीच वाटायची.

एका माणसाबद्दल मात्र ती हळवी होती. रामभाऊ. गवताचा धंदा चालू होता तेव्हा एकदा तिच्या गंजीला आग लागली. स्टेशनाजवळ चहा विकणारा रामा किटली टाकून धावला आणि जळत्या गंजीतून गठ्ठे ओढत राहिला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्या दिवाळीत भाऊबीजेला मावशीनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. तिला सख्खा भाऊ नव्हता. तेव्हापासून दर वर्षी रामभाऊ सकाळी दहाच्या सुमाराला यायचा, ती ओवाळायची, तो ताटात रुपया टाकायचा आणि ती त्याला खरवस खायला घालायची. पुढं रामभाऊनं हवा पालटायला येणाऱ्या मुंबईकरांसाठी लॉज काढलं, आचारी ठेवला, गोदा नावाची शहाणी बायको मिळाली. मावशीला त्याच्या लॉजचं कौतुक असं होतं की स्टेशनावर उतरलेल्या अनोळखी माणसालाही ती त्याचा पत्ता सांगायची.

मग मंदीची वर्षं आली. हवा पालटायला येणारे घरीच श्वास घेऊ लागले. एका सकाळी रामभाऊ ओट्यावर येऊन बसला. आणखी दोन खोल्या बांधायच्या होत्या, तीन हजार हवे होते, लॉज आणि जागा गहाण लिहून द्यायला तो तयार होता. मावशीकडे दोन हजार होते. उरलेल्या हजारासाठी तिनं स्वतःचं राहतं घर पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडे गहाण टाकलं. तिनं कुणासाठी कर्ज काढल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो.

पैसे देण्याआधी ती लॉजवर गेली. शर्ती लिहायला मला बरोबर नेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. तीन चुली पेटलेल्या. तिन्हींवर मोठी पातेली, झाकणांखालून वाफ येत होती. आचारी कोपऱ्यात उभा. गोदा चुलीपाशी. मावशी रोजच्या सवयीनं पुढं गेली, तिचा उजवा हात मधल्या पातेल्याच्या झाकणाकडे गेला, आणि थांबला. गोदाचे डोळे त्या हातावर होते. मावशीनं हात मागे घेतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "बरं हाय. बाबू, चला."

चार दिवसांनी वडगावला गहाणखत नोंदलं गेलं. मावशीनं अंगठा उठवला, साक्षीदार म्हणून मी सही केली. रामभाऊच्या हातात पैसे पडले, ते मी पाहिले.

खोल्या काही उठल्या नाहीत. आठ महिन्यांनी रामभाऊ नादार झाला. मुंबईचा किराणा व्यापारी, पुण्याचा फर्निचरवाला, पगार थकलेला आचारी, सगळे कोर्टात गेले. कोर्टानं रिसीव्हर नेमला. नादार माणसाची मालमत्ता गोळा करून सगळ्या घेणेकऱ्यांना वाटून द्यायची, हे त्याचं काम. त्यानं लॉजवर हात ठेवला, तर वर मावशीचं गहाणखत. त्यानं अर्ज केला की हे गहाणखत रद्द करावं: नादारीच्या आधी दोन वर्षांच्या आत झालेलं आहे, मानलेल्या बहिणीच्या नावानं आहे, मालमत्ता दडवण्यासाठीच केलेलं आहे.

पुण्याच्या वकिलांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. "बाई, तुम्हाला दोन गोष्टी दाखवायच्यात. पैसे खरोखर दिले, ही एक. त्याला बाबू साक्षीदार आहे. दुसरी म्हणजे नेकीनं दिले. तो बुडतोय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, शंका यावी असं काही समोर नव्हतं. हे दोन्ही ठरलं तर गहाण टिकतं आणि तुमचे पैसे लॉजमधून आधी फिटतात. नाहीतर तुम्ही बाकीच्यांच्या रांगेत. रुपयाला दोन-तीन आणे मिळाले तर नशीब."

"आन् माजं घर?" मावशीनं विचारलं.

वकिलांनी चष्मा पुसला. "ते पुण्याच्या व्यापाऱ्याकडे जाईल," ते म्हणाले.

मग ते खरी अडचण सांगू लागले. आचारी रिसीव्हरच्या बाजूनं साक्ष देऊन गेला होता. त्या दिवशी लॉजमध्ये एकही गिऱ्हाईक नव्हतं. मावशी येणार याचा रामभाऊला अंदाज होता आणि आठवडाभर रोज दुपारी तीन पातेल्यांत नुसतं पाणी उकळत ठेवायला त्यानं सांगितलं होतं, असं आचाऱ्यानं शपथेवर सांगितलं; मावशीनं झाकण उचललं की नाही, ते मात्र धुरात दिसलं नाही म्हणाला. "आता त्यांचं म्हणणं सोपं आहे. झाकण उचलल्याशिवाय ही बाई पैसे देत नाही, हे सगळं गाव जाणतं. म्हणजे उचललंच असणार. उचललं म्हणजे पाणी दिसलं. पाणी दिसलं म्हणजे नेकी संपली."

"म्या उचललंच न्हाई," मावशी म्हणाली.

"उत्तम. तेवढंच सांगा. भावाच्या घरी झडती घेत नाही, असा तुमचा रिवाज. घरून निघतानाच ठरवलं होतं. त्याच्या पुढं एक शब्द नको."

मावशीनं मान हलवली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

श्रावणात तारीख लागली. कोर्टात रामभाऊ मागच्या बाकावर बसला होता, भाजलेल्या हातांवर उपरणं घेऊन. मावशीनं एकदाच तिकडे बघितलं. आमच्या वकिलांनी मला आधी उभं केलं. पैसे दिले? दिले. झाकण उचललं? नाही. मग रिसीव्हरचे वकील उठले. तरुण होते, आवाज गोड.

"बाईंचा हात झाकणाकडे गेला होता का?"

हो म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: गेलेला हात मागे का आला? मला मावशीचं घर दिसत होतं, तिचा ओटा, ओट्यावरचा तिचा पितळी तांब्या.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो.

आयुष्यात शपथेवर मी एवढं एकच खोटं बोललो. मी येऊन बसलो तेव्हा मावशी माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. माझ्या पिठल्यात गुठळ्या सापडल्या, त्या दिवशी बघितलं होतं तसं.

मग ती पिंजऱ्यात उभी राहिली.

"बाई, गावात तुम्हाला काय म्हणतात?" तरुण वकिलांनी सुरुवात केली.

"झाकणवाली."

लोक हसले. तीही थोडी हसली.

"झाकण न उचलता कधी पैसे दिलेत?"

"एकडाव."

"कुणाला?"

"रामाला."

आता लोक मोठ्यानं हसले. वकील न्यायाधीशांकडे वळले. "म्हणजे जन्मभराचा नियम नेमका याच वेळी मोडला. सोयीचं आहे. बाई, तुम्ही हे पैसे बहीण म्हणून दिलेत की सावकार म्हणून?"

"पैका सावकार म्हनून दिला," मावशी म्हणाली. "झाकण बहीण म्हनून ऱ्हाऊ दिलं."

हसू थांबलं. आमच्या वकिलांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मी ऐकला. उत्तर नेमकं बसलं होतं. तरुण वकील कागद चाळू लागले. मला वाटलं, झालं, सुटलो.

तेव्हा न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. वयस्क, शांत गृहस्थ होते. "बाई, मला एकच सांगा. झाकण उचलायचं नाही, हे तुम्ही घरून निघतानाच ठरवलं होतं, की तिथं गेल्यावर?"

आमच्या वकिलांनी मान खाली घातली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, घरून म्हण, मावशी, घरून म्हण! एक शब्द होता. तो खोटा आहे हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला मी तर आधीच खोटं बोलून बसलो होतो.

"तितं," मावशी म्हणाली.

"तिथं काय झालं?"

"हात न्हेला व्हता म्या. बाबूंनी बघितला न्हाई म्हनत्यात, त्ये माज्यापायी म्हनत्यात. तेन्ला काय बोलू नगासा." पिंजऱ्याच्या लाकडी कठड्यावर तिचा तोच हात होता. "गोदा माज्या हाताकडं बगत व्हती. तिचं त्वांड असं झालं... मग हात म्होरं जाईना. मागं घेटला."

"तुमच्या मनात काय आलं?"

मागच्या बाकावर रामभाऊ उठून उभा राहिला होता, कुणी त्याला बसही म्हणत नव्हतं.

"आत काय न्हाई, असं आलं," मावशी म्हणाली. "येवडंसंच आलं. म्या त्ये दाबलं. म्हनलं, खोल्या व्हतील, गिऱ्हाईक यील, भांडं भरल."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. त्यांनी फार सावकाश लिहिलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये तळेगाव येईपर्यंत मी तोंड आवरलं. मग माझा तोल गेला. "कशाला सांगितलंत? कुणाला दिसणार होतं तुमच्या मनातलं? घर जाईल तुमचं, मावशी!"

"जाऊ द्या की."

"जाऊ द्या?"

"बाबू, लोकांच्या चुलीत डोकावन्यात माजा जल्म गेला. आता माज्या भांड्यात कुनी बगाया लागलं, तर मी झाकण दाबून बसू व्हय?" ती खिडकीबाहेर बघत होती. भाताची खाचरं भरलेली होती. मग ती म्हणाली, आणि हे मात्र तिला बोलताना जड गेलं, "त्या दिशी उचललं असतं, तर माजा पैका वाचला असता. त्ये सोडा. त्यो बी वाचला असता. पानी दिसलं असतं, तर दोन शिव्या घातल्या असत्या आन् म्हनलं असतं, लॉज बंद कर, माज्या ओट्यावर चहा इक. तीन हजाराचा धोंडा त्याच्या गळ्यात म्याच बांदला."

पुढच्या स्टेशनावर उतरून मी तिचा तांब्या भरून आणला.

निकाल भाद्रपदात लागला. वकिलांनी पत्रानं कळवला आणि मी ओट्यावर बसून वाचून दाखवला. बाईंनी पैसे खरोखर दिले, असं कोर्टाला वाटतं. बाई खोटं बोलल्या नाहीत, असंही वाटतं. परंतु ज्याला शंका आली त्यानं चौकशी करायला हवी होती. शंका आली असता पाहण्याचं टाळणं म्हणजे नेकी नव्हे. गहाणखत रद्द. मावशीनं ते मला दोनदा वाचायला लावलं.

"बराबर लिवलंय," ती म्हणाली आणि दळण पाखडायला आत गेली. मला त्या न्यायाधीशांचा फार राग आला होता. अजूनही थोडा आहे. त्यांनी चूक काय केली, हे मात्र मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

पुण्याच्या व्यापाऱ्यानं घर खाली करायला दिवाळीपर्यंतची मुदत दिली. बाजारात तिच्या मागे लोक कुजबुजू लागले, झाकणवालीला भावानंच पाणी दाखवलं. ज्यांना तिनं पूर्वी नकार दिला होता, ते जास्त मोठ्यानं बोलत. ठाकरवाडीची ती बाई तेवढी एकदा येऊन, काही न बोलता, दोन शेर नाचणी ठेवून गेली. माझीही बदलीची ऑर्डर आली होती. पाडव्याला मी ट्रंक भरली.

भाऊबीजेच्या सकाळी मावशीनं ओटा सारवला, पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. दहा वाजले. अकरा वाजले. रस्त्यावरून नटूनथटून भाऊ चालले होते. मी उगाच ट्रंकेच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा आवळत होतो. बाराची गाडी गेली, तेव्हा मावशी उठली. तिनं पाट भिंतीला लावला, ताटात निरांजन, कुंकू, सुपारी ठेवली, आत जाऊन एक गाठोडं बांधून आणलं आणि माझ्या हातात ताट दिलं.

"चला, बाबू. कुसगावला जायाचंय."

"मावशी, बहीण जात नसते. भावानं यायचं असतं."

"त्यो कुटल्या तोंडानं यील?" ती म्हणाली आणि चालू लागली.

रामभाऊ कुसगावात एका गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होता. मी ताट घेऊन उंबऱ्याशी थांबलो. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मावशीला बघून उठायला गेला आणि त्याला उठता येईना. गोदा चुलीपाशी होती. चुलीवर एकच पातेलं, झाकणाखालून वाफ येत होती. मावशी तिकडे वळली तशी गोदा झटकन आडवी आली.

"वन्सं, नगा," ती म्हणाली. "पाया पडते, नगा बघू."

मावशीनं तिला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं आणि झाकण उचललं. वाफ तिच्या तोंडावर आली. मी उंबऱ्यावरूनही सांगू शकलो असतो, आत काय होतं ते. भाऊबीजेच्या दिवशी त्या घरात, शेजाऱ्यांना चूल पेटलेली दिसावी म्हणून, पाणी उकळत ठेवलं होतं. रामभाऊनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मावशी वाकून आत बघत राहिली, माझ्या पिठल्यात बघितलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ.

"आदण तर आलंय की," ती म्हणाली. मग दुसऱ्या हातानं तिनं काखेतलं गाठोडं गोदाच्या पुढं केलं. "तांदूळ हायती. धुवून आन लवकर. रामा, पाटाबिगर चालंल, हितं म्होरं येऊन बस."

गोदा तांदूळ घेऊन बाहेर मोरीवर गेली. मी ताट खाली ठेवलं आणि निरांजन पेटवलं. झाकण अजून मावशीच्या हातातच होतं.